पेडल खाली का गेलं?

पुण्यातल्या एका डीलरशिपच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पाहिलेला एक छोटासा प्रसंग मनातून जात नाही. पुढचे ब्रेक पॅड बदललेली एक हॅचबॅक बेमधून, म्हणजे गाडी दुरुस्तीला उभी करतात त्या जागेतून, बाहेर काढायची होती. काम एका शिकाऊ मुलाने केलं होतं, आणि नीट केलं होतं. कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) रबरी होजवर लोंबकळू न देता त्याने तो तारेने स्प्रिंगला अडकवला होता, स्लाइड पिना पुसून त्यांना ग्रीस लावलं होतं, चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून शेवटी टॉर्क रेंच फिरवला होता. तो गाडीत बसला, चावी फिरवली आणि आता गिअर टाकणार, तेवढ्यात शेजारच्या बेमधला सीनियर ओरडला, "अरे, आधी पंप कर!" मुलाने ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला गेलं. त्याचा चेहराच उतरला. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा जरा वर लागलं, तिसऱ्या-चौथ्यांदा कडक झालं. समोर आठ-दहा फुटांवर भिंत होती आणि भिंतीला लागून धुऊन-पुसून ठेवलेली दुसऱ्या ग्राहकाची गाडी. काही झालं नाही. गाडी बाहेर गेली, सीनियर आपल्या कामाला लागला, आणि मुलाच्या डोक्यात एक नियम पक्का बसला, की पॅड बदलले की पंप करायचं.

का, ते त्याने विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

गंमत अशी की त्या 'का'चं उत्तर त्याच्याकडे होतं. आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या, म्हणजे सगळे ज्याला एमएमव्ही म्हणतात त्या व्यवसायाच्या वहीत पास्कलचा नियम असतोच, की कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. पेडलने दाबला जाणारा मास्टर सिलिंडर, चाकाचा सिलिंडर, दोघांना जोडणारी नळी, बाण काढून दाखवलेला दाब. आकृतीला गुण असतात म्हणून ती रंगवून काढलेली असते. पण जुना पॅड झिजता झिजता कॅलिपरचा पिस्टन हळूहळू बाहेर आलेला असतो, नवा जाड पॅड बसवायला तो पूर्ण आत ढकलावा लागतो, आणि त्यामुळे पिस्टन आणि पॅड यांच्यात फट उरते, हे त्या आकृतीत नाही. पेडलचा पहिला झोका ती फट भरण्यातच संपतो. मास्टर सिलिंडर एका झोक्यात ठरावीकच ब्रेक ऑइल ढकलू शकतो. फट मोठी असेल तर दोन-तीन झोके लागतात, आणि पॅड डिस्कला टेकेपर्यंत दाब तयारच होत नाही. नियम तोच, पण आकृतीत फट शून्य असते, गाडीत नसते.

आता उलट बाजू पाहा. पेडल सोडल्यावर पिस्टन मागे कसा येतो? ड्रम ब्रेकमध्ये स्प्रिंग असते. डिस्कच्या कॅलिपरमध्ये स्प्रिंग नसते, तरी पॅड डिस्क सोडतो. वर्षानुवर्षं पॅड बदलणाऱ्या कारागिरालासुद्धा हे विचारलं तर तो क्षणभर थांबतो. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी सील असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याला धरूनच मुरडते. दाब गेला की ती पूर्ववत होते आणि जाताना पिस्टनला केसभर मागे ओढते. एवढ्याशा मुरडीवर चाक मोकळं फिरतं. सील जुनी होऊन ताठरली, किंवा पिस्टनवर गंज चढला, की पिस्टन मागे येत नाही, पॅड डिस्कला घासत राहतो, चाक तापतं, गाडी एका बाजूला ओढते. आतला पॅड झिजून पत्रा झालेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक, अशी जोडी हातात आली तर स्लाइड पिना जाम आहेत का आणि पिस्टन अडकतोय का, हे दोन्ही तपासावं लागतं. ज्याला सीलची मुरड ठाऊक आहे तो नवे पॅड बसवण्याआधी पिस्टन दाबून आणि सोडून बघेल. ज्याला नाही तो नवे पॅड बसवेल, आणि काही महिन्यांनी तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येईल.

गॅरेजमध्ये सांगितल्या जातात आणि पुस्तकात नसतात अशाही गोष्टी आहेत. पिस्टन आत ढकलताना बॉनेटखालच्या रिझर्व्हॉयरमधली पातळी वर चढते. मधल्या काळात कुणी उत्साहाने ती काठोकाठ भरली असेल तर ब्रेक ऑइल बाहेर सांडतं, आणि ते रंगाचा दुश्मन आहे. फेंडरवर थेंब पडला आणि वेळेत पाण्याने धुतला नाही तर रंग उठतो. मागच्या चाकाला हँडब्रेकसकटचा कॅलिपर असेल तर पिस्टन सरळ दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी स्कॅनर लावून गाडी सर्व्हिस मोडला न्यायची, नाहीतर मोटरची यंत्रणा तुटू शकते. हे सगळं हाताला माहीत असतं. शिकवणाऱ्याच्या तोंडून ते तेव्हाच निघतं जेव्हा समोर गाडी असते आणि चूक होण्याच्या बेतात असते.

आपल्याकडे ही दोन्ही शिक्षणं, वहीतलं आणि हाताचं, एकामागून एक ठेवली आहेत. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. दोन वर्षं आयटीआय, मग अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा, मग एखाद्या आस्थापनेत शिकाऊ उमेदवारी. कागदावर बघितलं तर काहीच चुकलेलं नाही. आधी समजून घ्या, मग करा. आयटीआयच्या कार्यशाळेत गेलं की तो वास येतो, डिझेलने धुतलेल्या भागांचा, जुन्या ग्रीसचा, एमरी पेपरचा. एका बाजूला कापून उघडलेलं इंजिन, पाण्याच्या वाटा निळ्या, तेलाच्या वाटा पिवळ्या रंगवलेल्या. दुसऱ्या बाजूला प्रत्येक तुकडीने खोललेलं आणि बांधलेलं इंजिन, ज्याच्या नटांचे कोपरे गोल झालेत. शिल्प निदेशक, म्हणजे तिथले शिक्षक, मनापासून शिकवतात. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स फीलर गेजने कसं बघायचं, क्रँकच्या जर्नलचं मोजमाप मायक्रोमीटरने दोन दिशांनी का घ्यायचं, हे इथे शिकता येतं तसं सर्व्हिस सेंटरच्या घाईत कधीच शिकता येणार नाही. पण त्या इंजिनला कधी आजारच होत नाही. ते रस्त्यावर जात नाही, पावसात भिजत नाही, कुणी त्यात चुकीचं तेल घालत नाही. मुलं दोन वर्षं निरोगी यंत्राची रचना शिकतात, आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्यासमोर येतात ती फक्त आजारी यंत्रं. तोपर्यंत वही माळ्यावर गेलेली असते.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७९ मध्ये मिशिगनमधल्या डेल्टा कॉलेजबरोबर वेगळी मांडणी करून पाहिली. दोन वर्षांचा पदवीपूर्व अभ्यासक्रम, पण मुलगा काही आठवडे कॉलेजात आणि काही आठवडे डीलरशिपमध्ये पगारावर, पुन्हा कॉलेजात, पुन्हा डीलरशिपमध्ये. गाड्यांमध्ये संगणक शिरत होता तो हाच काळ. पाना चालवणारा हात पुरेनासा झाला होता. पुढे फोर्ड आणि टोयोटानेही असेच कार्यक्रम काढले. यात पगारापेक्षा आणि पदवीपेक्षा मला मोलाचा वाटतो तो क्रम. कॉलेजात ब्रेक शिकवले की पुढच्या आठवड्यांत डीलरशिपने त्याला ब्रेकचीच कामं द्यायची. तिथे पेडल तळाला गेलं की तो प्रश्न घेऊन तो परत वर्गात येतो, आणि फळ्यावर पास्कल अजून पुसलेला नसतो. आपल्याकडे दुहेरी प्रशिक्षण पद्धत याच विचाराने आली आहे, जिथे आयटीआयचाच काही काळ उद्योगात काढायचा असतो. शिवाय शिकाऊ उमेदवारांसाठी आपल्या कायद्याने पूर्वीपासून एक जागा राखून ठेवली आहे, मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्र. नाव लांबलचक असलं तरी कल्पना फार चांगली आहे. कामावर असलेल्या मुलाने वर्गात परत यायचं. मुलं तिथे हजेरीपुरती आणि परीक्षेपुरती गेली, आणि येताना प्रश्न आणायला त्यांना कुणी सांगितलंच नाही, तर ती जागा वाया जाते.

या परत येण्याने काय साधतं, ते गाडीच्या संगणकाने दाखवलेल्या बिघाडाच्या एका कोडवरून सांगतो. स्कॅनरवर पी ०१७१ आलं. म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त, पेट्रोल कमी. गॅरेजमध्ये वाढलेला मुलगा बहुतेक वेळा ऑक्सिजन सेन्सर मागवतो, कारण त्याच्या मते बातमी ज्याने दिली तोच दोषी. सेन्सर महाग, गाडी तीच, कोड आठवड्यात परत. वर्गात मिश्रणाचं प्रमाण शिकलेला आणि ते अजून आठवत असलेला मुलगा कोडवर थांबत नाही, फ्युएल ट्रिम उघडतो, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतो आहे ते बघतो. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत आयडलला ट्रिम अधिक २२ टक्के आणि अडीच हजार आरपीएमला अधिक ४, असं दिसलं तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरते आहे. इंजिन हळू फिरत असताना एकूण हवाच थोडी, म्हणून गळतीची हवा त्यात मोठी दिसते. वेग वाढला की ती गर्दीत हरवते. मग इंजिनला हवा पोचवणाऱ्या मॅनिफोल्डवरची प्रत्येक होज बोटांनी चाचपायची. बरेचदा टोकाशी तडकलेला बोटभर रबराचा तुकडा सापडतो, तोही मागच्या बाजूने, जिथे नजर जात नाही आणि फक्त बोट जातं. आकडे उलटे असतील, म्हणजे आयडलला ठीक आणि चढावर, भार आला की ट्रिम वाढत जात असेल, तर होज सोडा. पेट्रोलचा दाब बघा, फिल्टर आणि पंप बघा, नाहीतर एमएएफची तार धुळीने माखली आहे का ते बघा. अशा निदानाला भागाकार लागतो आणि बोटही लागतं. यातलं एकच असलेला माणूस ग्राहकाचे पैसे वाया घालवतो.

प्रत्येक ठिकाणी आधी हात आणि मग पुस्तक चालेल, असंही नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या नारिंगी, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या केबलजवळ चुकून शिकायला जागाच नाही. तिथे आधी वर्ग. बारा व्होल्टची बॅटरी सोडायची, मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढून खिशात ठेवायचा म्हणजे दुसरा कुणी तो परत लावणार नाही, कपॅसिटर रिकामा व्हायला कंपनीने सांगितलेली मिनिटं घड्याळ लावून थांबायचं, आणि मग मीटरने व्होल्टेज शून्य असल्याची खात्री करायची. तो मीटर चालू आहे ना, हे आधी आणि नंतर माहीत असलेल्या व्होल्टेजवर तपासायचं. हातमोजे दर वेळी गुंडाळून हवा कोंडून बघायचे, कारण सुईएवढं भोक डोळ्यांना दिसत नाही. हे पाठ असल्याशिवाय मुलाला त्या बेमध्ये सोडूच नये. ब्रेकच्या बाबतीत मात्र मी म्हणेन, त्याने आधी दहा गाड्या कराव्यात आणि मग वर्गात बसावं. कुठल्या विषयात काय आधी, हे ठरवणं निदेशक आणि सुपरवायझर यांनी समोरासमोर बसून करायचं काम आहे. अनेक ठिकाणी हे दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत.

आणि मग पैसा. २०१९ च्या दुरुस्तीने आयटीआय झालेल्या शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपयांवर नेलं, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार त्यातला १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा उचलतं. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. लातूरहून किंवा बीडहून पुण्यात आलेल्या मुलाला कॉट बेसिसवरची जागा, मेसचा डबा आणि बसचा पास यात ही रक्कम कशी संपते, ते सांगायला नको. तरीही हे पैसे फार मोलाचे आहेत. ते घरून मागावे लागत नाहीत. शिकताना मिळालेला पहिला आकडा आईला फोनवर सांगताना मुलाचा आवाज बदलतो, आणि त्या आवाजासाठी ही योजना टिकली पाहिजे असं मला वाटतं.

पण पैसे दिले की हिशेबही आला. कायद्याच्या लेखी तो कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. ओव्हरटाइम लावायचा तर ॲप्रेंटिसशिप ॲडव्हायझरची मंजुरी लागते. फ्लोअरवर मात्र तो दोन हात असतो. पहिले दोन महिने वॉशिंग आणि नव्या गाड्यांचं पीडीआय, म्हणजे ग्राहकाला देण्याआधीची तपासणी, तिथवर ठीक आहे, गाडीभोवती फिरायची सवय लागते. मग तो तासा-दीड तासाच्या झटपट सर्व्हिसच्या बेवर जातो, तिथे त्याचा हात बसतो, आणि घोटाळा इथेच सुरू होतो. जो तेल झटकन बदलतो त्याला तेलच बदलत ठेवलं जातं. वर्ष संपेपर्यंत ड्रेन प्लग, फिल्टर, एअर फिल्टर, चाकं, पुढची गाडी. या कामातही शिकण्यासारखं खूप आहे. जुन्या फिल्टरची रबर रिंग ब्लॉकलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर इंजिन सुरू होऊन तेलाचा दाब आला की दोन रिंगांमधून सगळं तेल रस्त्यावर येऊ शकतं, म्हणून फिल्टर काढला की त्याची रिंग त्याच्याबरोबर निघाली ना, ते आधी बघायचं. ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात, ड्रेन प्लग इम्पॅक्ट गनने कधी आवळायचा नाही. आटे आज जात नाहीत, पुढच्या सर्व्हिसला जातात, आणि तेव्हा शिव्या दुसऱ्याला बसतात. पण हे सगळं दोन महिन्यांत शिकून होतं. उरलेल्या महिन्यांत त्याच्या प्रशिक्षणाच्या डायरीत गिअरबॉक्स ओव्हरहॉल आणि स्टिअरिंग रॅक अशा नोंदी होतात आणि त्यांवर सही होते. त्या दिवशी तो झटपट बेवरच असतो. ही खोटी सही मला फार लागते. पुढे तोच मुलगा प्रमाणपत्र घेऊन दुसरीकडे उभा राहतो, गिअरबॉक्स समोर येतो, आणि लोक म्हणतात की आयटीआयच्या पोरांना काही येत नाही.

सीनियरला दोष देणं सोपं आहे. त्याचा इन्सेंटिव्ह महिन्याला किती गाड्या सुटल्या आणि किती लेबर झालं यावर असतो. पेडल खाली का गेलं हे समजावायला दहा मिनिटं लागतात, आणि ती कुठल्याच जॉब कार्डावर बिलात धरली जात नाहीत. त्याने स्वतःच्या खिशातून शिकवावं अशी आपली अपेक्षा असते. शिकवण्याचा वेळ लेबर टाइममध्ये धरला पाहिजे. शिकाऊ मुलासोबत केलेल्या कामाला ठरलेल्या वेळेच्या वर थोडी मुदत आणि त्या मुदतीचा इन्सेंटिव्ह, एवढं करायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही. सर्व्हिस मॅनेजरने मनावर घेतलं तर पुढच्या महिन्यापासून होऊ शकतं.

निदेशकांचंही तसंच. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा, म्हणजे धुराच्या नव्या कडक निकषांच्या गाड्या आल्या, आणि डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ बसला. कार्यशाळेतलं इंजिन त्याच्या कितीतरी आधीचं. शहरात रोज पाच-सात किलोमीटर चालणाऱ्या डिझेल गाडीत डीपीएफची काजळी जाळायची प्रक्रिया सुरू होते आणि गाडी बंद केल्याने अर्धवट राहते. पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. ती जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. मुलगा डिपस्टिक काढतो आणि तेल वरच्या खुणेच्याही वर दिसतं. दोन वर्षं त्याला शिकवलेलं असतं की इंजिन तेल खातं, पातळी कमी होते. वाढलेली पातळी पाहून त्याला वाटतं, मागच्याने जास्त भरलं. तो जादा तेल काढून टाकतो आणि गाडी देऊन टाकतो. डिपस्टिक नाकाशी धरली असती तर डिझेलचा वास आला असता. पातळ झालेलं तेल टर्बोच्या बेअरिंगला किती दिवस पुरेल, हा प्रश्न मग आपोआप पडला असता, आणि तो सोमवारी वर्गात आला असता. निदेशकांनी वर्षातले दोन-तीन आठवडे बेवर काढले तर असे प्रश्न त्यांना परके वाटणार नाहीत. आणि मुलाला उत्तर द्यायला ते त्याच्या मागच्या आठवड्याच्या गाडीपासून सुरुवात करू शकतील.

एक काम तर लगेच करता येण्यासारखं आहे. वॉरंटीत बदललेले भाग कंपनीला परत जातात, पण वॉरंटीबाहेरच्या गाड्यांचे काढलेले भाग ग्राहकाला दाखवल्यावर तो बहुतेक वेळा 'ठेवा इथेच' म्हणतो, आणि ते भंगारात जातात. एका बाजूने झिजलेली पॅडची जोडी, ताठरलेली पिस्टन सील, टोकाशी तडकलेली व्हॅक्यूम होज, आटे गेलेला ड्रेन प्लग, रिंग चिकटलेला फिल्टर. ग्राहकाला विचारून ते बाजूला काढावेत आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधावी. गाडीचं मॉडेल, किलोमीटर, ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, आणि शेवटी काय निघालं ते मागच्या बाजूला लिहायचं, म्हणजे आधी दिसणार नाही. महिन्यातून एकदा हा खोका शिकाऊ मुलाच्या हाती जवळच्या आयटीआयला पाठवावा, आणि तो उघडताना त्यालाच पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर उभं करावं.